पायातला जोर कुठे जातो?

चालताना चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली, तर ते कळते का? पायांतला जोर गेल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला आपल्याकडचे मेंदूविकारतज्ज्ञ हा प्रश्न हमखास विचारतात. कळून निसटत असेल तर पावलातली ताकद कमी झालेली असते. न कळता निसटत असेल तर संवेदना गेलेली असते. बूट घालणाऱ्या देशांतल्या पाठ्यपुस्तकांना हा प्रश्न सुचण्याचे कारण नव्हते. एका तक्रारीची दोन कारणे त्याने अर्ध्या मिनिटात वेगळी होतात. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत मात्र कारणे अशी वेगळी करून मग उपाय शोधायचा, ही सवय वैद्यकाला फार उशिरा लागली. त्या उशिराची आणि त्यानंतर सापडलेल्या वाटांची ओळख करून द्यावी, यासाठी हे पुस्तक सिद्ध झाले आहे.

एमएस, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर दोघांच्याही तोंडी असलेले या आजाराचे नाव, हा मुळात स्नायूंचा आजार नाही. निदान झाल्यावर अनेक घरांत बदाम, खारीक, प्रोटीन पावडर सुरू होते ती याच गैरसमजातून. मांडीचा स्नायू धडधाकट असतो. त्याला हुकूम पोचत नाही. बिघाड मेंदूत आणि मज्जारज्जूत असतो. शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा तिथल्या चेतातंतूंवरच्या मायलिन या स्निग्ध आवरणावर हल्ला करते. आवरण शाबूत असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने जाऊ शकतो, कारण तो आवरणातल्या एका फटीपासून पुढच्या फटीपर्यंत उड्या घेत जातो. आवरण झडले की उडी चुकते. संदेश रेंगाळतो, तुटक होतो, कधी वाटेतच संपतो.

पण ‘पायात जोर नाही’ या वाक्यामागे एवढेच नसते. कधी तंतूच तुटलेला असतो. १९९८ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकच्या ब्रूस ट्रॅप आणि सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूतल्या जखमा तपासल्या, तेव्हा तुटलेले तंतू मोठ्या संख्येने आढळले, तेही आजार फार जुना नसलेल्यांमध्ये. आवरण जाते पण तंतू बराच काळ टिकतो, हा दिलासा त्या निष्कर्षांनी बराचसा काढून घेतला. कधी स्नायूत ताकद असते, पण तो इतका ताठतो की वाकत नाही. कधी सकाळी जिना चढणारा पाय दुपारी उचलत नाही. कधी फक्त अंग तापलेले असते. आणि महिनोन् महिने खुर्चीत काढल्यावर स्नायू खरोखरच वाळतो, तेव्हा मूळ आजाराच्या अशक्तपणावर दुसरा, टाळता आला असता असा अशक्तपणा चढतो. एकाच पायात हे सगळे एकत्र नांदू शकते, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो.

या आजाराची सर्वांत जुनी सविस्तर रोजनिशी राजघराण्यातल्या माणसाची आहे. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा नातू ऑगस्टस डेस्टे याची नजर १८२२ मध्ये एका नातलगाच्या अंत्यविधीनंतर अधू झाली आणि आपोआप सुधारली. १८२७ मध्ये फ्लॉरेन्सला त्याचे पाय गेले. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा गोमांसाचे स्टेक आणि वर मद्य असा आहार सांगितला. काही आठवड्यांत पाय पुन्हा चालू लागले. एमएसमधला पहिला चकवा हाच. सुरुवातीचा झटका बहुधा आपणहून ओसरतो, त्यामुळे त्या काळात जे पोटात गेले, अंगाला चोळले किंवा नवसाने मागितले, ते औषध ठरते. डेस्टेने पुढे वीसेक वर्षे मालिश, स्नाने, औषधे सगळे करून पाहिले. शेवटी चाकाची खुर्ची आली.

१८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी या आजाराला स्वतंत्र ओळख दिली. तोवर तो कंपवातासारख्या इतर विकारांत मिसळून जात असे. निदानात इतका नेमका असलेला हा माणूस उपचारात मात्र चाचपडतच राहिला: सोन्याचे क्षार, सिल्व्हर नायट्रेट, कुचल्यातले स्ट्रिकनीन. पुढच्या पिढ्यांनी आर्सेनिक दिले, जंतूंच्या लशी टोचून मुद्दाम ताप आणला. तापाचा प्रयोग तर अंगावर काटा आणणारा आहे, कारण अंग तापणे हे एमएसच्या रुग्णाला तात्पुरते पंगू करणारे कारण आहे, हे आज ठाऊक आहे.

१८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहॉफ यांनी पाहिले की श्रमानंतर काही रुग्णांची दृष्टी थोडा वेळ मंदावते. त्यांनी दोष श्रमाला दिला. खरा दोषी श्रमाने वाढणारी उष्णता होती, हे नंतर कळले. आवरण गेलेल्या तंतूत संदेश जेमतेम तग धरून असतो. तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडू शकतो. एमआरआय येण्यापूर्वी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान पक्के करण्याची पद्धत होती. मे महिन्यातल्या अकोला-चंद्रपूरच्या रुग्णाला हे सांगायला कुणा ऊटहॉफची गरज नाही. तिथे दुपारी पाय गळणे म्हणजे आजार वाढणे नव्हे, आणि गार पाण्याने अंग पुसल्यावर जोर परतू शकतो, एवढी माहिती वेळेवर मिळाली तर किती घरांतली घबराट टळेल. त्याच न्यायाने, ‘वात’ म्हणून वाफेच्या पेटीत बसवलेला रुग्ण उठताना कोसळला तर त्यात नवल नाही.

ऊटहॉफच्या निरीक्षणाचा एक दुष्परिणाम मात्र शंभर वर्षे टिकला. श्रमाने लक्षणे वाढतात, तर श्रम नको, असा निष्कर्ष निघाला आणि विश्रांती हाच सल्ला झाला. पिढ्यान् पिढ्यांच्या रुग्णांनी तो पाळला, आणि आजाराने जेवढे नेले नव्हते तेवढे बसून राहण्याने गेले. १९९६ मध्ये युटा विद्यापीठाच्या जॅक पेटाजन यांनी ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका गटाने पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा, हात आणि पाय दोन्ही चालवायच्या सायकलवर व्यायाम केला होता. त्यांचा दमसास वाढला, स्नायूंची ताकद वाढली, आणि झटके वाढले नाहीत. पुढे डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे उलरिक दाल्गास यांनी वजने वापरून हळूहळू भार वाढवत नेण्याच्या व्यायामाची चाचणी घेतली. बारा आठवड्यांत पायांची ताकद आणि रोजची कामे दोन्ही सुधारली. तुटलेला तंतू व्यायामाने जुळत नाही. पण जे तंतू उरले आहेत त्यांच्याकडून जास्त काम करून घेता येते, आणि बसून वाळलेला स्नायू तर बराच परत मिळवता येतो. फिजिओथेरपी ही ‘औषध संपल्यावरची’ गोष्ट नाही, हा या पुस्तकातल्या बहुतेक लेखकांचा आग्रह याच पुराव्यावर उभा आहे.

या क्षेत्रातला सर्वांत बलाढ्य पंथ मात्र वेगळा आहे. त्याचे लक्ष पायावर नाही, प्रतिकारशक्तीवर आहे. १९७० मध्ये एसीटीएच या संप्रेरकाच्या चाचणीने झटका लवकर ओसरवता येतो हे दाखवले. आज त्याच कामासाठी मिथाइलप्रेडनिसोलोनचे तीन ते पाच दिवसांचे मोठे डोस देतात. १९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटा आले, तेव्हा अमेरिकेत पुरवठा इतका अपुरा होता की सोडत काढून रुग्ण ठरवावे लागले. पाठोपाठ ग्लॅटिरॅमर, नॅटॅलिझुमॅब, फिंगोलिमॉड, आणि २०१७ मध्ये सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारावर मान्यता मिळालेले पहिले औषध ऑक्रेलिझुमॅब. कमाई मोठी आहे. ज्यांना झटके येतात त्या रुग्णांचे भवितव्य या औषधांनी खरोखर बदलले.

तरी एक गोष्ट दवाखान्यात नीट सांगितली जात नाही. ही औषधे पुढचा हल्ला रोखतात. गेलेला जोर परत आणण्यासाठी ती बनलेलीच नाहीत. लाखो रुपये खर्चून, इंजेक्शने टोचून घेऊन ‘पाय तर तसाच आहे’ म्हणणारा रुग्ण अज्ञानी नसतो. त्याने एक प्रश्न विचारलेला असतो आणि त्याला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर मिळालेले असते.

त्याच्या प्रश्नाला थेट भिडणारे एक औषध आहे, आणि त्याची कुळकथा मोठी विचित्र आहे. ४-अमिनोपायरिडिन हे रसायन अमेरिकेत पक्ष्यांना हुसकावण्यासाठी वापरत. ते लावलेला दाणा खाल्लेल्या पक्ष्याला झटके येतात, तो किंचाळतो आणि बाकीचा थवा घाबरून उडून जातो. हेच रसायन पेशींवरच्या पोटॅशियमच्या वाटा बंद करते. मायलिन झडल्यावर नेमक्या याच वाटा उघड्या पडतात आणि गळक्या पाइपातून पाणी जावे तसा विद्युतप्रवाह त्यांतून निसटतो. गळती बुजवली तर संदेश पुढे सरकेल का? १९८० च्या दशकात शिकागोतल्या संशोधकांनी रुग्णांवर हे करून पाहिले आणि दृष्टी, ताकद, हालचाल काही तासांपुरती सुधारलेली दिसली. पण मात्रा थोडी चढली की पक्ष्याला होते तेच माणसालाही होऊ शकते: फिट. म्हणून औषध हळूहळू सुटणारी गोळी बनवण्यात वर्षे गेली. २००९ च्या मोठ्या चाचणीत ३०१ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांची चाल सातत्याने वेगवान झाली, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ८ टक्क्यांची. ज्यांना गुण आला त्यांचा वेग सरासरी पाव पटीने वाढला. २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. गोळी भारतातही मिळते, बारा तासांच्या अंतराने दहा-दहा मिलिग्रॅम, मूत्रपिंड ठीक असेल आणि पूर्वी फिट आलेली नसेल तर.

तिघांपैकी एकाला गुण, हा आकडा पाहून नाक मुरडणारे आहेत. पण तो आकडा बारकाईने वाचावा. ज्याचा अशक्तपणा मुख्यतः गळतीचा आहे त्याला ते लागू पडणार, ज्याचे तंतूच तुटले आहेत त्याला नाही. ‘अशक्तपणावर औषध’ असे म्हटले की ते निम्मे अपयशी दिसते. ‘या प्रकारच्या अशक्तपणावर औषध’ म्हटले की ते समजण्याजोगे होते, आणि महिनाभर घेऊन चाल मोजून पाहणे, फरक नसेल तर बंद करणे, ही साधी शिस्तही आपोआप येते.

ताठरपणाच्या बाबतीत हा पेच आणखी अवघड आहे. बॅक्लोफेन १९६२ मध्ये सिबा कंपनीत अपस्मारासाठी तयार झाले. तिथे फारसे चालले नाही, पण स्नायूंचा ताठरपणा उतरवते असे दिसले. १९८० च्या दशकात ते पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडण्याची पद्धत आली. रात्री पायात येणारे गोळे, गुडघे जुळून राहणे, स्वच्छता ठेवता न येणे या सगळ्यात त्याचा उपयोग मोठा आहे. पण अशक्त मांडीचा माणूस कित्येकदा त्या ताठरपणावरच उभा असतो. गोळी वाढवली, पाय सैल झाला आणि माणूस न्हाणीघरात पडला, ही हकिगत प्रत्येक अनुभवी फिजिओथेरपिस्टने ऐकलेली असते. किती ताठरपणा ठेवायचा हे रक्ततपासणी सांगत नाही. रुग्णाला उभे करून, चालवून, खुर्चीतून उठवून ठरवावे लागते.

थकव्यावर अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट वर्षानुवर्षे लिहून दिले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४१ रुग्णांना ही तिन्ही आणि एक निष्क्रिय गोळी आळीपाळीने दिली. एकही औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

उपाय नसलेल्या जागेत आशा किती वेगाने शिरते याचे अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण इटलीतले आहे. फेरारा विद्यापीठाचे रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद पाओलो झांबोनी यांच्या पत्नीला हा आजार होता. २००९ मध्ये त्यांनी मांडले की मानेतल्या अरुंद शिरांमुळे मेंदूतले रक्त नीट परतत नाही आणि एमएसचे मूळ तिथे आहे. शिरेत फुगा घालून ती रुंद केली की फरक पडतो. कॅनडात दूरचित्रवाणीवर हे झळकले आणि हजारो रुग्ण परदेशी निघाले: पोलंड, मेक्सिको, कोस्टा रिका, आणि भारतही. पाय हलके झाले, डोके मोकळे झाले, असे सांगणाऱ्या चित्रफिती फिरू लागल्या. काहींना गुंतागुंत झाली, मृत्यूही ओढवले. २०१७ मध्ये कॅनडातली नियंत्रित चाचणी नकारात्मक आली, आणि त्याच वर्षी खुद्द झांबोनी यांच्या नेतृत्वाखालच्या चाचणीनेही फायदा नसल्याचे दाखवले. स्वतःच्या सिद्धांताविरुद्धचा निकाल त्यांनी प्रसिद्ध केला, ही त्यांची बाजू नोंदवलीच पाहिजे. डेस्टेचे स्टेक आणि हा फुगा यांत पावणेदोनशे वर्षांहून अधिक अंतर आहे, चकवा तोच. आज तो ‘स्टेम सेल’ या पाटीखाली अनेक शहरांत दुकान मांडून बसला आहे. रक्तपेशींचे प्रत्यारोपण करून प्रतिकारशक्ती नव्याने उभी करण्याची पद्धत निवडक, तीव्र रुग्णांसाठी गांभीर्याने अभ्यासली गेली आहे, २०१९ च्या ११० रुग्णांच्या चाचणीत तिने औषधांपेक्षा चांगली कामगिरी केली. पाठीच्या मणक्यात पेशी टोचून जोर परत आणून देणारी जाहिरात ही तिची बहीण नाही.

मायलिन पुन्हा चढवणे हे या सगळ्यापलीकडचे स्वप्न. सर्दी-ॲलर्जीवरच्या क्लेमॅस्टिन या जुन्या औषधाने २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५० रुग्णांत डोळ्याच्या नसेतला संदेश किंचित वेगवान केला. सुधारणा दोनेक मिलिसेकंदांची होती. तरी झडलेले आवरण माणसात औषधाने परत येऊ शकते याचा तो पहिला भक्कम इशारा मानला गेला. औषधाने थकवा वाढला. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात काही रुग्णांची अवस्था त्यावर अधिक वेगाने ढासळल्याने ते थांबवावेही लागले. या प्रकरणाला अजून शेवट नाही.

हे पुस्तक मराठीत आणि आत्ता का, याची कारणे आहेत. एमएस हा गोऱ्या, थंड देशांचा आजार अशी समजूत आपल्या वैद्यकातही दीर्घकाळ होती. मुंबई आणि पुण्याच्या पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात आहे, हे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवले. त्यानंतर एमआरआय जिल्ह्याच्या गावी पोचले आणि ‘मणक्याचा त्रास’, ‘लकवा’ म्हणून वर्षे काढलेल्या तरुण मुली, बायका, पुरुष यांचे निदान होऊ लागले. उलट चूकही होते: पायांतला जोर बी-१२ च्या कमतरतेनेही जातो, मणक्याच्या क्षयानेही जातो. एनएमओ नावाचा जवळचा वाटणारा आजार तर एमएसच्या काही औषधांनी चिघळतो. म्हणून उपाय शोधण्याआधी निदानाची खात्री, यावर पुस्तकाचा पहिला भाग थांबतो.

दुसरे कारण पैशाचे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटक्सिमॅबची आपली आवृत्ती बाजारात आणली. मुळात रक्ताच्या कर्करोगासाठीचे हे औषध आज भारतातल्या असंख्य एमएस रुग्णांचा आधार आहे, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठीच्या अत्यावश्यक औषधांत त्याचा समावेश केला. रोखण्याचा उपाय असा आवाक्यात येऊ लागल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो: आता जो जोर उरला आहे त्याचे काय करायचे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एमएसला यादीत स्थान दिले, पण सकाळी चालणारा आणि दुपारी न चालणारा पाय टक्क्यांत कसा बसवायचा, हे प्रमाणपत्राच्या रांगेत अजून रोज नव्याने ठरते.

मोजमापाचाच प्रश्न निघाला म्हणून. जगभरातल्या चाचण्या अमेरिकी तज्ज्ञ जॉन कुर्ट्झकी यांच्या शून्य ते दहाच्या मापावर चालतात. १९५५ मध्ये सुरू झालेले आणि १९८३ मध्ये विस्तारलेले हे माप मधल्या टप्प्यावर जवळजवळ पूर्णपणे चालण्यावर टेकते: शंभर मीटरसाठी काठी लागली की सहा. हात लुळा पडलेल्या शिंप्याचे किंवा पोळ्या लाटू न शकणाऱ्या बाईचे नुकसान त्यात फारसे उमटत नाही. तपासणीत सपाट मार्गिकेतले पंचवीस फूट चालून दाखवणारी व्यक्ती एसटीची पायरी चढू शकेल का, हेही कळत नाही.

या पुस्तकातले लेखक मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, आणि स्वतः एमएससह जगणारेही आहेत. त्यांचे सगळ्या बाबतीत एकमत नाही. बॅक्लोफेनच्या मात्रेवर आणि किती भाराचा व्यायाम सुरक्षित यावर तर दोन प्रकरणे एकमेकांशी उघड वाद घालतात, आणि संपादनात तो वाद मिटवलेला नाही. औषधांच्या किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या छपाईच्या आधीच शिळ्या होतात. शेवटी जोडलेल्या तक्त्यात पंचवीस फुटांच्या चालीच्या वेळेशेजारी आपल्या घरांतले रकाने आहेत: जमिनीवरून उठणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसणे-उठणे, बसची पायरी, शर्टाची बटणे, भरलेली कळशी, आणि दिवसाची वेळ व हवामान. तो रुग्णाने किंवा घरच्यांनी महिनाभर भरावा आणि पुढच्या तपासणीला सोबत न्यावा.